माकडाचा जैविक नमुना : तो कसा मिळतो आणि किती जीव वाचवतो?

जैविक नमुना म्हणजे शरीरातून घेतलेले रक्त, स्राव, ऊती किंवा अवयवाचा भाग. माकडाचे शरीर माणसाला जवळचे असल्याने त्याच्या नमुन्यांना वैद्यकीय संशोधनात विशेष महत्त्व आहे. रक्तगटातील ‘आरएच’ ही अक्षरेसुद्धा ऱ्हीसस, म्हणजे आपल्याकडच्या लालतोंड्या माकडाच्या नावावरून आली आहेत.

नमुना घेतला म्हणजे प्राणी जगलाच असे नाही. रक्त काढल्यावर माकड जगते, दोन्ही मूत्रपिंडे काढल्यावर जगत नाही. १९५५ मध्ये साल्क यांची पोलिओ लस आली. तिच्यासाठी लागणारा विषाणू माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढवला जाई. त्यासाठी भारतातून हजारो माकडे अमेरिकेत पाठवली गेली. १९६० मध्ये अशा पेशींत ‘एसव्ही ४०’ हा माकडांचा विषाणू सापडला. तो लशीतही उतरला होता. पुढे भारतीय माकडे लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरल्याचे उघड झाले आणि १९७८ मध्ये भारताने निर्यात बंद केली.

याच काळात दुसरा मार्ग तयार झाला होता. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून ‘व्हेरो’ पेशी तयार करण्यात आल्या. त्या प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवता येतात, गोठवून ठेवता येतात आणि त्यांची आधीच तपासणी करता येते. पोलिओ, रेबीज आणि जपानी मेंदूज्वराच्या लशी आज या पेशींवर बनतात. एकाच प्राण्याच्या नमुन्याने असंख्य माकडांचे जीव वाचवले.

कोव्हॅक्सिनचा विषाणूही व्हेरो पेशींवरच वाढवला गेला. तरीही लशीची चाचणी करण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २० लालतोंडी माकडे वापरली गेली. टाळेबंदीत ती नागपूर परिसरातून पकडून आणली होती. त्यांतील बहुतेकांना लस टोचून नंतर सर्वांना विषाणूची बाधा करण्यात आली. नाक, घसा व फुप्फुसातील स्राव तपासले गेले आणि शेवटी शवविच्छेदन झाले. आपल्यापैकी अनेकांच्या दंडावर टोचलेल्या लशीमागे ही माकडेही आहेत.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली नेमलेली केंद्रीय समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते.

लस नाकारावी असे आम्ही म्हणत नाही. तिने माणसांचे प्राण वाचवले आहेत. पण प्रत्येक प्रयोगाबाबत तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत असे आम्हाला वाटते. साठवलेल्या पेशींवर किंवा जुन्या नमुन्यांवर हे काम होऊ शकत नाही का? एका प्राण्याचा नमुना किती संस्था वाटून घेणार? आणि माकड कुठून आणले, पुढे त्याचे काय झाले, याची नोंद लोकांसमोर येणार का?