ओळंबा आणि आवृत्ती

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्टांच्या राजवटीत, इ. स. १२०४ च्या सुमारास उभी राहिली. ती घडविणाऱ्या पाथरवटांजवळ दोरी, गुण्या आणि ओळंबा यांहून फारसे अधिक काही नसावे. आज निपाणीत घर बांधणाऱ्या गवंड्याच्या पिशवीतही ओळंबा असतोच, आणि त्याची ‘नवी आवृत्ती’ घेण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नाही. मात्र ज्या नकाशाबरहुकूम तो भिंत चढवितो, त्या नकाशाच्या हत्यारांचा इतिहास निराळा आहे. तो साठ-पासष्ट वर्षांचाच, पण मोठा चंचल आहे.

आयव्हन सदरलँड या अमेरिकन संशोधकाने १९६३ साली ‘स्केचपॅड’ नामक प्रबंधात संगणकाच्या पडद्यावर रेषा ओढून दाखविली. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले, आणि पुढे टी-स्क्वेअर, ट्रेसिंग कागद व अमोनियाच्या वासाच्या प्रती हळूहळू कचेऱ्यांतून हद्दपार झाल्या. परंतु कोणा गावी जिना कसा काढतात, दरवाजाची चौकट केवढी धरतात, हे दूरदेशीच्या कर्त्यांना कोठून ठाऊक असणार? म्हणून १९८६ च्या सुमारास त्यांनी ऑटोलिस्प ही छोटी भाषा आत बसविली. आता एखादा होतकरू आरेखक स्वतःच दहा ओळी लिहून आपल्या सोयीचे जोड-हत्यार तयार करू लागला.

खरी कटकट येथूनच सुरू झाली. मूळ प्रणाली बदलली की जोड-हत्यार अडते. सी भाषेत लिहिलेली एडीएस पद्धतीची हत्यारे ऑब्जेक्टएआरएक्स आल्यावर कालबाह्य झाली. लिस्पच्या जुन्या ओळी मात्र बव्हंशी अजून चालतात. त्यातल्या त्यात गरीब हत्यारच दीर्घायुषी ठरले, हे मला मोठे मौजेचे वाटते.

इमारतीची त्रिमित प्रतिकृती रचणारे रेव्हिट २००० साली निघाले, आणि त्याची आवृत्ती आता दरवर्षी बदलते. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडत नाही. सबब एकाने बदल केला की त्याच्यासोबत काम करणाऱ्या सर्वांना करावाच लागतो. २०२४ च्या आवृत्तीत प्रत्येक घटकाचा क्रमांक ३२ ऐवजी ६४ बिटांचा झाला. २०२५ च्या आवृत्तीने तर खालचा पायाच डॉटनेट ८ असा बदलला. दोन्ही वेळा हत्यारे उघडून पुन्हा घडवावी लागली. गंमत अशी, की रेव्हिट आपल्या पोटात लांबी फुटांतच साठविते. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, तरी आमच्या सीमाभागात वाळू अद्याप ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनीच मोजली जाते.

त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव व निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. कागल पलीकडे राहिले. कोगनोळीचा नाका ओलांडला की जागा किती सोडावी, किती मजले चढवावे याचे नियम बदलतात. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळून एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू केली, तेव्हा नकाशा नियमांशी ताडून पाहणारी हत्यारेही सुधारावी लागली. कर्नाटकाच्या नियमांशी त्यांचा काही संबंध नाही. दोन्हीकडे कामे घेणाऱ्या वास्तुविशारदाला दोन संच बाळगावे लागतात, आणि दोन्ही अद्ययावत ठेवण्याचा खर्च अखेर घर बांधणाऱ्याच्याच माथी येतो.

सर्वांत मोठी हानी अक्षरांची होते. युनिकोड रुळण्यापूर्वी, निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत ‘सोपा’, ‘माजघर’, ‘परडे’ अशी नावे नकाशांवर लिहिली गेली. तो टंक नव्या यंत्रावर नसेल, तर त्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. घर पाडले गेले असेल, तर कोणती खोली कोणती हे सांगणारे काही उरत नाही. जुना टंक युनिकोडमध्ये उतरविणारे जोड-हत्यार लिहिता येते, आणि ते फार अवघडही नाही; पण त्यासाठी तो टंक चालणारा एखादा जुना संगणक कोणीतरी अडगळीतून काढून, धूळ झटकून, सुरू करून पाहिला पाहिजे.