महानगर सोडणारा माणूस आणि मराठी समीक्षा

महानगरीय साहित्याच्या मराठी चर्चेत 'येणे' या क्रियेला जेवढे स्थान मिळाले, तेवढे 'जाणे' या क्रियेला मिळालेले नाही. कोकणातून वा घाटावरून मुंबईत आलेल्या माणसाचे उपरेपण, त्याची घुसमट हे समीक्षेचे परिचित विषय होत. शहर सोडणारा माणूस मात्र 'गावाकडे परतला' या एका वाक्प्रयोगात संपतो, आणि त्याच्या जाण्याचा अर्थ पराभव किंवा विसावा एवढाच लावला जातो. मुंबईच्या इतिहासाच्या संदर्भात हे दोन्ही अर्थ अपुरे ठरतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. १८९१ च्या जनगणनेत सुमारे ८.२२ लाख लोकसंख्या नोंदलेल्या या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. हे केवळ रोगाचे भय नव्हते. घरझडती, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ यांची धास्तीही तितकीच होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली, ती याच धास्तीपोटी. परंतु या स्थलांतराची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. गिरण्यांना माणसे मिळेनाशी होताच मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली, कामगारांसाठी आपसांत चढाओढ करावी लागली. महिन्याचा पगार थकवून कामगाराला बांधून ठेवण्याची रीत काही काळ मोडली. गाव हा कामगाराचा आधार होता आणि शहराला त्याची गरज होती, म्हणून त्याच्या जाण्यात सामर्थ्य होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतील अनेकांनी पुन्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडची वाट धरली. गावच्या धान्यावर संप तगला. मात्र या वेळी त्यांना परत बोलावण्याची शहराची निकड उरली नव्हती. कापडाचे उत्पादन भिवंडी, इचलकरंजीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे सरकत होते, आणि गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची होत चालली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीच्या विक्रीची वाट मोकळी केली. वाट तीच राहिली, पण तिचा अर्थ उलटला.

तिसऱ्या प्रकारच्या जाण्याला 'जाणे' असे नावही मिळालेले नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या १९८१ मध्ये ३२.८५ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आली. त्याच काळात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ३३.५ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. ही सारी वाढ मुंबईकरांची नव्हे. तरीही चाळीतली खोली वाढत्या कुटुंबाला अपुरी पडल्याने डोंबिवली, बदलापूर, विरार गाठणाऱ्यांचा तीत मोठा वाटा आहे. हा माणूस रोज सकाळी लोकलने त्याच शहरात येतो. शहराने त्याचे श्रम ठेवून घेतले आहेत, नाकारला आहे तो फक्त निवारा.

या भेदांच्या प्रकाशात साहित्यकृतींचे वाचनही बदलते. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीतील विरहामागे गाव आणि मुंबई ही एकाच जगण्याची दोन टोके असल्याची जाणीव आहे. त्यांतील अंतर दुःखद असले तरी ओलांडता येण्याजोगे आहे. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात, संपानंतरच्या गिरणगावातील कुटुंबाच्या चित्रणात, ही जाणीवच उखडलेली दिसते. शहरात राहूनही शहर सुटणे हा येथला अनुभव आहे. त्याला 'महानगरीय एकाकीपण' म्हणणे म्हणजे त्याचा इतिहास पुसून टाकणे होय.

म्हणून एखादे पात्र शहर सोडते तेव्हा त्याच्या मनःस्थितीबरोबरच समीक्षेने आणखी तीन प्रश्न विचारावयास हवेत: त्याला परतीची वाट आहे काय, त्याने परत यावे असे कोणाला वाटते, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर कोण येते? या प्रश्नांवाचून 'गावाची ओढ' ही संज्ञा वापरणे म्हणजे हुसकावून लावलेल्या माणसाला स्वेच्छेने गेलेला ठरवणे आहे.