हे खूळ शहरातले? : लघुपटांच्या वाटेने एक शोध

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या याचिकांवर निकाल दिला. दोन दिवसांनी सूर्यमाळला आमच्या चहाच्या टपरीवर त्याची बातमी वाचली गेली. न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता दिली नाही, हे ऐकून एकजण म्हणाला, "बरं झालं. शहरातलं खूळ आहे हे. आपल्याकडं असलं काही नाही." कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी एक मुलगा माझ्याकडे आला. तो बाहेरगावी कॉलेजात शिकतो, सुटीला घरी आला होता. टपरीवर तोही होता. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून त्याने विचारले, "काका, फोनवर असले पिक्चर असतात. पण सगळे इंग्रजी. मराठीत एखादा आहे का?"

मला उत्तर देता आले नाही. माझा विषय बोहाडा. मोखाडा-जव्हार भागातल्या या मुखवट्यांच्या उत्सवाची टिपणे मी वीस वर्षे वह्यांत करतो आहे. पदवी नाही, गुरू नाही. विचारत आणि वाचत जेवढे जमले तेवढे. सिनेमा हा माझा प्रांत नव्हे. पण त्या मुलाच्या प्रश्नाने मला एक नवी वही करायला लावली. हा लेख त्या वहीतून आला आहे. त्या मुलाविषयी जे लिहिले आहे ते त्याला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून.

आधी माझ्या जुन्या वह्यांविषयी. बोहाड्यात पुरुष लुगडे नेसून देवीचे सोंग घेतात. संबळाच्या तालावर सोंग निघते, लोक हात जोडतात. त्या रात्री लुगड्यातल्या पुरुषाला कोणी हसत नाही. यावरून सोंग घेणाऱ्याच्या मनाविषयी काहीच सिद्ध होत नाही. तसा निष्कर्ष काढणे हा त्या माणसावर आणि परंपरेवरही अन्याय होईल. पण माझ्या वह्यांत सोंगाचा क्रम आहे, मुखवट्याचे रंग आहेत, मान कोणत्या घराचा हे आहे. मुखवटा उतरल्यावर माणूस कसा जगतो, कोणावर जीव लावतो, याची एकही नोंद नाही. कारण मी कधी विचारलेच नाही. "आपल्याकडे असले काही नाही" या वाक्यामागचा पुरावा बहुधा इतकाच असतो. न विचारल्याचा.

आता लघुपटांकडे वळू. रूढ स्त्री-पुरुष चौकटीत न बसणारे प्रेम आणि लिंगभाव, या सगळ्यासाठी आज 'क्वीअर' हा शब्द मराठीतही रुळला आहे. या विषयावरचे आपल्या राज्यातले लघुपट काळानुसार मांडले, तर एक वाट स्पष्ट दिसते.

तिची सुरुवात मुंबईत होते. १९९६ मध्ये रियाद वाडिया यांनी 'बॉमगे' हा सुमारे १२ मिनिटांचा लघुपट केला. 'हंटरवाली' काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोनच्या घराण्यातला हा तरुण. लघुपटाला आधार होता पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या आर. राज राव यांच्या कवितांचा. भाषा इंग्रजी, जग महानगराचे. प्रमाणपत्र मिळणार नाही हे ठाऊक असल्याने तो सेन्सॉरकडे पाठवलाच गेला नाही. रियाद २००३ मध्ये, चाळिशीच्या आतच गेले.

त्याच २००३ मध्ये श्रीधर रंगायन यांचा 'गुलाबी आईना' आला. ४० मिनिटांचा, हिंदी. स्त्रीवेश करणाऱ्या पुरुषांचे मुंबईतले घर, त्यांची भांडणे, त्यांची माया. याला सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारले. परदेशांतल्या अनेक महोत्सवांत तो दाखवला गेला आणि २०१५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

हा विषय लघुपटातच का आला, याचे उत्तर इथे आहे. चित्रपटगृहात दाखवायचे तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. मोठ्या चित्रपटात पैसे घालणारा निर्माता ते मिळेल की नाही, याचा आधी विचार करतो. लघुपटाला तसाही वितरक नसतो. त्यामुळे गमावण्यासारखे थोडे असते आणि बोलण्याची मोकळीक अधिक. महोत्सवांना सरकारकडून प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे म्हटले, आणि पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, रंगायन यांनी मुंबईत 'कशिश' हा महोत्सव सुरू केला. लघुपटांना हक्काचा पडदा मिळाला. इंटरनेटवर दाखवायला तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागतच नाही. २०२१ च्या नियमांनुसार वयोगट वाहिनीनेच ठरवायचा असतो.

मग मराठी कुठे होती? रंगभूमीवर ती आधीच पोचली होती. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ चे. रोहिणी हट्टंगडी त्यात होत्या. १९८२ च्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या नात्याचा प्रसंग येतो. लघुपटात मात्र मोठी दखल घेतली गेली ती २०१४ च्या 'मित्रा'ची. दिग्दर्शक रवी जाधव, कथा तेंडुलकरांचीच, प्रमुख भूमिकेत वीणा जामकर. कृष्णधवल चित्रण, काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा. देश मोकळा होतो आहे आणि एक मुलगी आपले मन कोणापुढे मोकळे करावे हे शोधते आहे. पुढे 'बायोस्कोप' या चार लघुपटांच्या संचात तो २०१५ मध्ये चित्रपटगृहांतही लागला.

इथे तारखांकडे पाहावे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा पूर्ण लागू झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'मित्रा'ला सर्वोत्कृष्ट लघुकथापट ठरवण्यात आले. पुढच्याच वर्षी निशांत रॉय बोंबार्डे यांच्या 'दारवठा' या मराठी लघुपटाला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वयात येणारा एक मुलगा, 'पुरुषासारखे वाग' सांगणारे घर आणि त्याला उमगत चाललेले आपले वेगळेपण, हा त्याचा विषय. कायदा एक सांगत होता आणि त्याच सरकारचा पुरस्कार दुसऱ्याच गोष्टीला मिळत होता. संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्द झाले ते ६ सप्टेंबर २०१८ ला.

वाटेचा पुढचा टप्पा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा 'उ उषाचा', २०१९. कानवडे मुंबईत साध्या घरात वाढले, शिकले इंटिरिअर डिझाइन. सिनेमा स्वतःच शिकले. उषा ही खेड्यातली शेतमजूर. एकटीने मुले वाढवते, अक्षर येत नाही. गावच्या शाळेतल्या बाईंकडे तिचे मन ओढ घेते आणि त्या ओढीतून ती लिहा-वाचायला शिकू लागते. जवळपास २० मिनिटांचा हा लघुपट. त्यात भाषण नाही, घोषणा नाही.

२०२३ च्या खटल्यात केंद्र सरकारने म्हटले होते की, याचिकांमागची मते शहरी उच्चभ्रूंची आहेत. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी निकालपत्रात ते अमान्य केले. क्वीअर व्यक्ती म्हणजे केवळ इंग्रजी बोलणारा नोकरदार पुरुष नव्हे, खेड्यात शेतीत राबणारी स्त्रीही असू शकते, असा त्यांचा आशय होता. विवाहाची मागणी फेटाळली गेली, पण हे वाक्य नोंदले गेले. आमच्या टपरीवर त्या दिवशी बातमी वाचली गेली, त्यात हे नव्हते. आणि न्यायालयाने जी बाई २०२३ मध्ये शब्दांत उभी केली, तिला मराठी लघुपटाने चार वर्षे आधी पडद्यावर आणले होते.

या वाटेवरचे आणखी दोन चित्रपट सांगतो. नीरज घायवान यांचा 'गीली पुच्ची' हिंदी आहे. 'अजीब दास्तान्स' या संचातून एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. कारखान्यात यंत्रावर काम करणारी दलित भारती आणि कचेरीतली ब्राह्मण प्रिया यांच्यातली जवळीक जातीपाशी येऊन अडते. शेतमजूर, कामगार, आदिवासी अशा आपल्या माणसांना हा लघुपट अधिक कळेल. दुसरा कानवडे यांचाच 'साबर बोंडं'. हा लघुपट नाही, पूर्ण लांबीचा आहे. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा गावातला जुना मित्र यांची ही गोष्ट. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला.

१९९६ ते २०२५. इंग्रजीकडून हिंदीकडे, हिंदीकडून मराठीकडे. महानगरातून शेताच्या बांधावर. यावरून कोणी म्हणेल, बघा, खूळ शहरातूनच खेड्यात आले. मला तसे दिसत नाही. बोहाड्याला कॅमेरा लागला म्हणून बोहाडा जन्मला नाही. माणसे होतीच, त्यांच्या भाषेत त्यांची गोष्ट सांगणारा उशिरा आला.

पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. लघुपटांचे इंटरनेटवरचे हक्क बदलत राहतात. आज एका ठिकाणी असलेला उद्या दिसेनासा होतो. म्हणून शोधताना लघुपटाचे आणि दिग्दर्शकाचे नाव दोन्ही घालावे, महोत्सवांच्या ऑनलाइन खेळांवर लक्ष ठेवावे आणि जे सापडेल ते तेव्हाच पाहून घ्यावे. सुरुवात 'उ उषाचा'पासून करावी.

तो मुलगा आणि मी तो लघुपट मिळून पाहिला. आमच्याकडे रेंज सगळीकडे नसते; वळणावरच्या उंचवट्यावर बसून, फोन दगडाला टेकवून. संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, हा माझ्या आईला दाखवाल का? तिला वाचता येत नाही. खालच्या इंग्रजी ओळी तिला काय कळणार? म्हणून विचारलं होतं, मराठीत आहे का."

मी दोन वर्षे समजत होतो की त्याला स्वतःसाठी हवा आहे.

मी त्याला म्हणालो, दाखवीन, पण कधी आणि तू तिथे असायचे की नाही, हे तू ठरव. त्याची आई दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडावरच परतते. परवा त्याचा फोन आला. भाऊबीजेला येतो म्हणाला, आणि तो स्वतः तिथे बसणार आहे.