वाचता न येणारं लेकरू आणि मेंदूचं चित्र

सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नांदेड जिल्ह्याचं ठिकाण, तर लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापारी गाव. घरात मराठी, व्यापाऱ्याच्या चोपडीत मोडी आणि वरच्या वर्गांत शिकायचं ते उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या उर्दूत. हेही ज्यांना शाळा मिळाली त्यांच्यापुरतंच. बहुतेक खेड्यांत शाळाच नव्हती. गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच अक्षरओळख असताना, एखाद्या हुशार पोराला कितीही शिकवलं तरी वाचता येणार नाही, हे कळायला मार्गच नव्हता. तो शेत बघे, जनावरं राखी, तोंडी हिशेब चोख करी आणि त्याला कुणी नावं ठेवत नसे.

तिकडे इंग्लंडमध्ये शाळा सक्तीची झाली आणि असा मुलगा डॉक्टरांसमोर आला. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सीची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. पर्सी बोलण्यात तल्लख होता, गणितात बरा होता, पण स्वतःचं नावही त्याला धड लिहिता येत नव्हतं. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेतला सगळ्यांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. मॉर्गनना हा दोष जन्मजात वाटला. पुरावा मात्र त्यांच्याकडे नव्हता. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय तेव्हा नव्हती.

मराठवाड्यात ही वेळ साठ-पासष्ट वर्षांनी आली. मे 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा वाडी-तांड्यापर्यंत पोचू लागली. पाटी घेऊन बसणाऱ्या लेकरांची संख्या वाढली, तशी मागे पडणाऱ्यांचीही. त्यांच्यासाठी शब्द तयारच होते: ढ, मठ्ठ, दगड. गुरुजींची छडी आणि चौथी-पाचवीत सुटलेली शाळा, हा त्यांचा ठरलेला प्रवास.

पुढे लातूरने शिक्षणात नाव काढलं. 1970 मध्ये सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. याच महाविद्यालयातून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘लातूर पॅटर्न’ पुढे आला. जादा तास, सुट्टीतले वर्ग, सरावपरीक्षांवर सरावपरीक्षा. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलामुलींना याच कष्टांनी डॉक्टर, इंजिनिअर केलं आणि त्याचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. पण ही सगळी इमारत एका गृहीतावर उभी होती: घोटून घेतलं की येतंच. ज्या मुलाला घोटूनही अक्षर लागत नाही, त्याला या गृहीतात जागा नव्हती. तो आळशी तरी ठरे नाहीतर मंदबुद्धी.

हा आरोप खोडून काढला मेंदूच्या अभ्यासाने, आणि ते काम सावकाश झालं. 1979 मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट गालाबुर्डा यांनी अपघातात मरण पावलेल्या एका डिस्लेक्सिक, म्हणजे बुद्धी असूनही वाचनात अडणाऱ्या, तरुणाच्या मेंदूचे काप तपासले. भाषेशी संबंधित भागांत पेशींची मांडणी जन्माआधीच विस्कटल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. पण मृत मेंदू वाचत नाही. वाचणारा मेंदू पाहायचा तर त्या काळी किरणोत्सारी द्रव्य टोचावं लागे, आणि धडधाकट मुलावर असा प्रयोग कुणी करू धजत नव्हतं. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवून दिलं की रक्तातल्या प्राणवायूच्या चढउतारावरून, एकही सुई न टोचता, एमआरआय यंत्र काम करणाऱ्या मेंदूचा माग काढू शकतं. मुलाने यंत्रात स्थिर पडून राहायचं आणि पडद्यावरचे शब्द वाचायचे, एवढंच. येल विद्यापीठाच्या सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 144 मुलांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगलं वाचणाऱ्या मुलांच्या तुलनेत डाव्या मेंदूतला मागचा भाग, जो अक्षर आणि आवाज यांची सांगड घालतो, तो अडखळणाऱ्या मुलांमध्ये कमी सक्रिय दिसला.

त्याहून मोलाची गोष्ट 2009 मध्ये समोर आली. अमेरिकेत केलर आणि जस्ट यांनी वाचनात मागे असलेल्या मुलांना शंभर तासांचं खास शिक्षण मिळाल्यावर त्यांचा मेंदू पुन्हा तपासला. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची प्रतच सुधारली होती. योग्य पद्धतीने शिकवलं तर मेंदू बदलतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

आपल्या लिपीचं काय? ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र ‘क’ आधी. या उलट्या क्रमामुळे हिंदी वाचकांचाही वेग मंदावतो, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये दाखवलं. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी-सिंग यांच्या गटाने देवनागरी वाचणाऱ्यांचं मेंदूचित्रण केलं. आणि 2017 मध्ये लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांचा, त्यांत बहुतेक स्त्रिया, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने देवनागरी शिकल्यावर त्यांच्या मेंदूतल्या अगदी आतल्या, प्राचीन समजल्या जाणाऱ्या भागांच्या परस्परसंवादातही फरक पडलेला दिसला. नांदेड-लातूरच्या शिक्षकांनी हे जरूर वाचावं, कारण ही त्यांचीच लिपी आहे.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. या चित्रांतले फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एकट्या मुलाचा एमआरआय काढून त्याला डिस्लेक्सिया आहे की नाही, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. फिट येणं, डोक्याला मार लागणं किंवा सेरेब्रल पाल्सी यांत तो तपास खरोखर उपयोगी पडतो. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र चालतं. तिथल्यासारख्या मुलांच्या बाबतीत इजा कुठे आहे हे चित्रात अनेकदा दिसतं. ‘लेकरू वाचत नाही’ एवढ्याच तक्रारीसाठी मात्र आईबापांनी कर्ज काढून स्कॅन करण्याची गरज नाही.

गरज आहे ती मुलाच्या भाषेतल्या चाचणीची, आणि महाराष्ट्राची खरी उणीव तिथेच राहिली. 1996 मध्ये राज्य सरकारने डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती दिल्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी कुलकर्णी, सुनील करंदे यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी या मुलांवर मोठं काम केलं. पण चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या. मराठी शाळेतलं, मुंबईपासून पाचशे-सहाशे किलोमीटरवरचं मूल त्या वर्तुळाबाहेर राहिलं. 2007 मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सियाचं नाव घरोघरी पोचलं. तपासणी पोचली नाही. मानेसरच्याच केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला, त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमतेला जागा दिली.

मराठीतली चाचणीसुद्धा इथे सावधपणे वापरावी लागते. देगलूर-बिलोलीच्या घरांत तेलुगू आहे, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, किनवटला गोंडी. कंधार-मुखेडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं वर्षातले काही महिने फडावर असतात. ही मुलं वाचनात मागे असली तर दोष बहुधा मेंदूत नसतो. त्यांना शिकायला मिळालेलंच नसतं. आधी नीट शिकवून बघायचं आणि तरीही अडलं तरच अक्षमतेचा विचार करायचा, हा क्रम पाळला नाही तर ‘ढ’च्या जागी नवा शिक्का बसेल, एवढंच.

तेव्हा नांदेड-लातूरच्या पालकांनी आणि गुरुजींनी एवढं करावं. चांगलं बोलणारं, समजणारं मूल दुसरी-तिसरीतही अक्षरांत अडखळत असेल, तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठावं, आणि पुढे लागलंच तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही शहरांत आहे. दहावीचा अर्ज भरायची वेळ येईपर्यंत थांबू नये.