राणीमहाल : राहते घर ते संग्रहालय

गेल्या वर्षी गणपतीत साताऱ्याहून माझी मावशी झाशीला आली होती. आरत्या, प्रसाद, मंडळाचे कार्यक्रम सगळे तिने हौसेने पाहिले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिला किल्ला दाखवला आणि मग शहरातल्या राणीमहालात नेले. दुखरे गुडघे सांभाळत ती दालनांतून फिरली. प्रत्येक मूर्तीसमोर थांबून तिने हात जोडले. शेवटी चौकातल्या कमानीखाली टेकली आणि मला म्हणाली, "अरे, हे सगळं देवांचं झालं. आपल्या राणीचं काय आहे इथे?"

मी गप्प राहिलो. इतकी वर्षे झाशीत नोकरी केली, आल्या-गेल्या पाहुण्यांना राणीमहाल दाखवला, पण हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, मावशीच्या प्रश्नाचे उत्तरच लिहावे. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, इमारतींची डागडुजी करणारा माणूस आहे. तेव्हा चुकले-माकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आधी थोडा इतिहास. झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ मध्ये बांधला. १७४२ च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर येथे आले. त्यांनी किल्ला वाढवला, गाव वसवले. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली. त्यातल्या रघुनाथरावांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात हा महाल बांधला. मध्ये चौक, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला कारंजे, भोवती कमानींची दालने, वर दरबार हॉल आणि सपाट धाब्याचे छप्पर. सातारा-वाईकडचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी घेतलेले दत्तक इंग्रजांनी मानले नाही आणि १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केली. राणीला वर्षाला साठ हजार रुपये तनखा ठरला आणि किल्ला सोडावा लागला. ती किल्ल्यावरून उतरून या महालात राहायला आली. आपण फोटो काढतो त्या चौकात राज्य गेलेली एक तरुण विधवा, मांडीवर दत्तक मूल घेऊन, कंपनी सरकारला अर्जामागून अर्ज पाठवत राहत होती. १८५७ च्या जूनमध्ये झाशीत उठाव झाला आणि राज्यकारभार पुन्हा तिच्या हाती आला. त्यापूर्वीची तीन वर्षे मात्र या घराची आहेत.

मग तिच्या वस्तू कुठे गेल्या? याचे उत्तर मराठीतच लिहून ठेवलेले आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले. पुढे त्यांनी 'माझा प्रवास' लिहिले. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ मध्ये छापले आणि मूळ प्रतीबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली. मार्चच्या अखेरीस ह्यू रोजने तोफा डागायला सुरुवात केली. ३ एप्रिलला फौज शहरात शिरली. घराघरांत लढाई झाली आणि राणी रात्री घोड्यावरून निसटली. त्यानंतरची लूट गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहिली. दिवसागणिक लुटीचा माल बदलत गेला. सोन्यानाण्यापासून सुरू झाले ते भांडी, कापड आणि धान्यापर्यंत आले. झाशीचा नावाजलेला ग्रंथसंग्रह नष्ट झाला, त्याचे दुःख भटजींना विशेष झालेले दिसते. राणीमहालाचा बराच भागही इंग्रजांच्या तोफांनी पाडला.

ज्या घरातून पळीपंचपात्रसुद्धा गेले, तिथे राणीच्या वस्तू कोठून असणार?

पुढे १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शिंद्यांना दिली आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला परत देऊन झाशी पुन्हा घेतली. त्या दशकाअखेर येथे रेल्वे आली आणि १८९५ मध्ये आपला वॅगन कारखाना उभा राहिला. जुन्या झाशीला पाठ करून नवी झाशी वाढत गेली. राणीमहाल मात्र बाजाराच्या गर्दीत उभाच राहिला. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि तेथे नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे ठेवली आहेत. मावशीला ती जागा चुकल्यासारखी वाटली, पण त्यामागे विचार आहे. बुंदेलखंडात पडझड झालेली देवळे पुष्कळ आहेत. तेथल्या मूर्ती उघड्यावर राहिल्या तर चोरीला जातात नाहीतर झिजतात. त्या कलकत्ता-दिल्लीला नेल्या तर आपल्या मुलखाला पारख्या होतात. वस्तू सापडली त्या भागातच सांभाळावी, हा विचार आपल्याकडे सारनाथच्या संग्रहालयाने रुजवला. त्याची इमारत १९१० मध्ये पूर्ण झाली. राणीमहालाने बुंदेलखंडाच्या मूर्तींना आसरा दिला, हे त्या घराला शोभणारेच झाले.

पण एक गोष्ट विसरता कामा नये. सारनाथला संग्रहालयासाठी इमारत बांधली. येथे मात्र घरच आधी होते. अशा ठिकाणी पहिली प्रदर्शनीय वस्तू म्हणजे ती वास्तूच. मूर्ती हलवता येते, काचेत ठेवता येते. दरबार हॉलमधली फुलापानांची रंगीत नक्षी काचेत ठेवता येत नाही. तिची काच म्हणजे वरचे धाबे. धाबे गळले की नक्षी गेली.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान स्टेशनची इंग्रजांच्या काळातली इमारत माझ्याकडे होती. विटांच्या जाड भिंती, सगळे काम चुन्यातले. भिंतींना खाली ओल येते अशी तक्रार आली. मी जुना चुन्याचा गिलावा काढून चार फुटांपर्यंत सिमेंटचा पक्का गिलावा मारून घेतला. काम वेळेत झाले, खर्च कमी आला, शाबासकीही मिळाली. दोन पावसाळ्यांनंतर ओल चार फुटांच्या वर चढली. क्षार फुलून आले, गिलाव्याचे पोपडे विटांचा दर्शनी थर घेऊनच निघाले. कामावरचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "साहब, आपने दीवार का मुँह बंद कर दिया."

तो बरोबर होता. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. चुना ती बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरते. मग पाणी वर सरकते आणि जिथे सुकते तिथे क्षार साठून वीट आतून फोडतात. हे मला पॉलिटेक्निकने शिकवले नव्हते, त्या मिस्त्रीने शिकवले. चुना आठवडे आठवडे भिजवून विझवायचा, विटांची सुरखी घालून घाणीत मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालायचे. हे जाणणारे हात आता कमी उरले आहेत. ती भिंत पुढे पाडावी लागली. शंभर वर्षे टिकलेले काम मी दोन पावसाळ्यांत घालवले, ही खंत आजही आहे.

तेव्हापासून कोणत्याही जुन्या वास्तूत गेलो की मूर्तींच्या आधी माझी नजर वर जाते. पन्हाळी मोकळी आहे का? भेगेत पिंपळाचे रोप उगवले आहे का? पावसाचे पाणी पायाशी साचते का? जतनाचा कायदा १९५८ चा आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांत नवे बांधकाम बंद झाले. पण पिंपळाचे रोप कायदा वाचत नाही. ते दर पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून उपटावेच लागते.

आपल्या रेल्वेतले एक उदाहरण देतो. रेवाडीची वाफेच्या इंजिनांची शेड १८९३ ची. वाफ गेली तशी ती ओस पडली. भंगारात जायची, पण २००२ मध्ये तिचे संग्रहालय झाले आणि २०१० मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. तेथे इंजिने नुसती रंगवून ठेवली नाहीत, काही चालू स्थितीत राखली. त्यामुळे ती चालवण्याची आणि दुरुस्तीची विद्याही टिकली. दिल्लीत महात्माजींनी अखेरचे दिवस काढले ते बिर्ला भवन १९७३ मध्ये जनतेसाठी खुले झाले. तेथे त्यांची राहती खोली आणि ते चालत गेले ती वाट दाखवतात. वस्तू थोड्या आहेत, पण माणूस मुकाट्याने फिरतो, कारण त्या वास्तूची कथा तिथेच सांगितली जाते.

राणीमहालासाठी माझे मागणे एवढेच आहे. मूर्ती तेथेच राहोत. पण एखाद्या दालनात या घराची कथा ठळक मांडावी. १८५४ ते १८५७ येथे कोण राहत होते आणि १८५८ मध्ये येथून काय गेले, हे हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही लिहावे. गोडसे भटजींची ओळख करून द्यावी. आपल्या मंडळाने तसे रीतसर पत्र द्यावे, मजकूर तयार करायला मी आणि माझे सहकारी हातभार लावू.

दुसरे मागणे आपल्या सर्वांकडे. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या ट्रंकांत मोडीतले कागद, जुने फोटो, वाड्यांचे नकाशे असतील. वाडा विकायची वेळ कोणावरही येते, त्याला दोष नाही. पण विकण्यापूर्वी त्याची मापे आणि फोटो तेवढे घेऊन ठेवा. टेप घेऊन यायला मी तयार आहे. कागद रद्दीत घालू नका. १८५८ ची लूट परक्यांनी केली, रद्दीची लूट आपण आपल्या हातांनी करतो.

मावशीला मी उत्तर दिले ते दुसऱ्या दिवशी, स्टेशनवर, गाडीत बसवताना. म्हटले, "मावशी, तू ज्या कमानीखाली टेकली होतीस ना, तीच राणीची आहे. बाकी सगळं लुटलं."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग तिला नमस्कार करायचा राहिला रे. पुढच्या वर्षी येईन."

पुढच्या वर्षी लवकर या, हे बाप्पाला आपण म्हणतोच. तोवर कमान शाबूत ठेवणे आपले काम.

गणपती बाप्पा मोरया!