झेब्रा मासा आपलाच!

सुट्टीत नागपूरला आलेल्या नातवाने झेब्रा मासे मागितले. मी म्हटले, दोन पुरेत. एक दुसऱ्याला दिवसभर पळवत राहिला. आठवड्यात दुबळा गेला. चूक माझी.

मग वाचू लागलो. हा मासा विलायती नव्हेच! फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतील माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. १९८१ साली अमेरिकेत जॉर्ज स्ट्राइसिंगरने त्याच्या हुबेहूब प्रती तयार केल्या. २०१३ साली कळले, माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची भावंडे त्याच्यात आहेत.

कीर्ती जगभर, स्वभाव मात्र ओढ्यातलाच. त्याला सोबत हवी. आता लांब टाकीत आठ आहेत. पाठलाग वाटला जातो, एकावर येत नाही. आयुष्यभर वर्ग सांभाळून हे मला आता कळावे! असो.