स्वामी रामानंद तीर्थ : हिप्परग्याचे मुख्याध्यापक

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ सर्वपरिचित आहेत. मात्र सत्याग्रहात उतरण्यापूर्वीची सुमारे नऊ वर्षे त्यांनी शिक्षणकार्यात वेचली. त्या कार्याचा आरंभ तुळजापूरशेजारच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या लहानशा गावी झाला.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून उच्च शिक्षण घेतल्यावर ते कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम करू लागले. परंतु प्रकृती ढासळल्याने ते कार्य सुटले. १९२९ मध्ये त्यांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापकपद स्वीकारले.

ही शाळा १९२१ मध्ये स्थापन झाली होती. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खासगी शाळा चालविण्यास सरकारी परवानगी लागे. अशा परिस्थितीत मराठी मुलांना राष्ट्रीय विचारांचे शिक्षण देणे हे सत्तेचा रोष ओढवून घेण्यासारखेच होते. सुखसोयींचा अभाव असलेल्या या खेड्यात शिक्षकाचे आचरण हाच विद्यार्थ्यांचा मुख्य पाठ ठरला. येथेच स्वामीजींनी संन्यासदीक्षा घेतली. मात्र त्यानंतरही अध्यापन सोडले नाही.

१९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा शाळा की सत्याग्रह हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी सत्याग्रह निवडला व कारावास पत्करला. पुढील लढ्यात मराठवाड्यातील अनेक शिक्षक व विद्यार्थी सहभागी झाले. वर्गात घडलेले संस्कारच चळवळीचे बळ ठरले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर स्वामीजी लोकसभेवर निवडून गेले, तरी शिक्षणाशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. १९५० मध्ये नांदेडला सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. खेड्यातील शाळेपासून सुरू झालेल्या या जीवनकार्याचे ते उचित स्मारक होय.